आधी छप्पर, मग सुतार

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या बोटींनी घेतली, तेव्हापासून आपल्या व्यवसायात एक नवी पंचाईत उभी राहिली आहे. कोणी वस्तुसंग्रहालयासाठी, कोणी आजोबांची आठवण म्हणून, कोणी निव्वळ हौसेने जुनी होडी राखायची ठरवतो. पैसा, लाकूड आणि जाणता सुतार यांची गाठ पडेपर्यंत ती माडाखाली ओढून ठेवली जाते. हे ‘तोपर्यंत’ तीन-चार पावसाळे चालते, आणि खाऱ्या पाण्यात पिढीभर टिकलेली होडी तेवढ्यात संपते. ठेवणीचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज तो बहुतेक अंदाजपत्रकांत कुठेच नसतो.

नीट ठेवल्याने काय साधते, हे पाहायचे तर स्कॉटलंडमधल्या डंडी बंदरातली ‘युनिकॉर्न’ पाहावी. ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट १८२४ साली चॅथमला पाण्यात उतरली. लढाई नव्हती, म्हणून तिच्यावर डोलकाठ्या उभ्या केल्याच नाहीत. वरच्या डेकवर घरासारखे लाकडी छप्पर घातले आणि तिला राखीव ताफ्यात ठेवले. ते छप्पर आजही आहे. दोनशे वर्षांनंतर तिचे मूळ लाकूड इतक्या मोठ्या प्रमाणावर शाबूत आहे, याचे श्रेय ओकइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, त्या छपराला जाते. ‘युनिकॉर्न’च्याच लीडा वर्गातली ‘त्रिंकोमाली’ मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारी सागात बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. साग असला तरी पुढच्या दीर्घ वापरात तिची इतकी झीज झाली, की १९८७ साली हार्टलपूलला नेल्यावर तिचे काम पुरे व्हायला २००१ उजाडले. सागाची होडी आहे, तिला काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांवर ओलावा लागतो. भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्के राहिली, की सावलीतले कोरडे लाकूडही नुसत्या हवेतून १७ ते २० टक्क्यांपर्यंत ओलावा घेते. म्हणजे उंबरठ्यावर ते आधीच पोचलेले असते. वरून एक गळती लागली, की काम झाले. आणि हे गोडे पाणी असते. समुद्राच्या खारटपणाने ज्या बुरशीला इतकी वर्षे दूर ठेवले, तिला पागोळीच्या पाण्याची काहीच अडचण नसते. जूनपूर्वी होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी शाकारणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे कोणी शिकवायला गेले नव्हते. झाप पाणी बाहेर टाकतो आणि वारा आत सोडतो. निळी ताडपत्री पाणी अडवते खरी. पण ती काठांवर आवळून बांधली, की आतली वाफ आतच राहते, रात्री ताडपत्रीच्या पोटाला थेंब धरतात आणि पहाटे फळ्यांवर गळतात. ताडपत्री वापरायचीच तर ती होडीपासून हातभर उंच, बांबूच्या आढ्यावर, दोन्ही टोके उघडी ठेवून बांधावी. होडीतला गाळ उपसावा, फासळ्यांखालच्या पाणी वाहण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात, तळाचे बूच काढून ठेवावे.

दुसरे टोकही वाईटच. उन्हात उघडी ठेवलेली होडी भराभर सुकते. सागाची २०० मिलिमीटर रुंद फळी ३० टक्के ओलाव्यावरून १५ वर आली, तर ती कशी चिरली आहे त्यानुसार अंदाजे अडीच ते पाच मिलिमीटर आक्रसते. सांधे फाकतात. ते पाहून मालक घाबरतो आणि त्यांत सिमेंटसारखी घट्ट होणारी लांबी भरून घेतो. आमच्या मते ठेवणीतली ही सर्वांत महागडी चूक. पुढे फळी पाणी पिऊन फुगते, तिला जायला जागा नसते, मग ती खिळ्यांसकट फासळीपासून सुटते. फाकलेले सांधे फाकलेलेच राहू द्यावेत. जुना रंग खरवडू नये, तो सुकण्याचा वेग रोखतो. उघड्या पडलेल्या लाकडाला कच्चे अळशीचे तेल द्यावे.

टेकूंबद्दल आपल्याकडे कमालीची बेफिकिरी आहे. होडीचा भार पठाणावर, आणि पठाणाचा भार दर एक-दीड मीटरवर ठेवलेल्या ठोकळ्यांवर यायला हवा. बाजूचे टेकू फक्त कलू न देण्यापुरते. मधे दोन ठोकळे आणि दोन्ही टोके अधांतरी, असे ठेवले तर नाळ आणि पिछाडी खाली येतात, पाठीला कुबड निघते. ते पुन्हा सरळ करणे फार जिकिरीचे असते. नाळेपासून पिछाडीपर्यंत सुतळी ताणून मधल्या जागेचे अंतर लाकडावर खुणेने नोंदवावे आणि दर महिन्याला ताडून पाहावे. इंजिन काढण्यापूर्वी किंवा आडव्या फळ्या सोडवण्यापूर्वी काठाकाठांना जोडणारे तात्पुरते आडवे वासे ठोकावेत, नाहीतर रुंदी बदलते. ठोकळे मातीवर नकोत, वाळवी तिथूनच चढते. रिसॉर्टच्या हिरवळीवर माती भरून, जास्वंद लावून ठेवलेल्या होड्यांविषयी न बोललेले बरे.

मोजमापे पहिल्याच आठवड्यात घ्यावीत, कारण त्यानंतर आकार बदलत जातो. छायाचित्रे, फळ्यांची क्रमवारी, खिळ्यांच्या जागा यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. ‘त्रिंकोमाली’चे नकाशे मुंबईला घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडून जाळले, तेव्हा नकाशे पुन्हा पाठवता आले, कारण मूळ नकाशे मागे होते.

चिखलातून किंवा पाण्याखालून सापडलेल्या होडीला यातले बरेच काही लागू नाही. ती सुकू देणे म्हणजे तिचा नाशच. १९६१ साली वर काढलेल्या स्वीडनच्या ‘वासा’ या जहाजावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी १७ वर्षे चालली होती. अशी वस्तू हाती आली तर ती ओली ठेवावी आणि लगेच पुरातत्त्व खात्याला कळवावे.

१ जूनला मासेमारी बंद होईल आणि किनाऱ्यावर होड्या वर ओढणारे हात थोडे मोकळे होतील. ज्यांच्या ताब्यात दुरुस्तीची वाट पाहणारी होडी आहे, त्यांनी पावसाआधीच ठोकळे, छप्पर आणि सुतळीची खूण एवढे उरकून घ्यावे. महिन्या-महिन्याच्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. दिवाळीनंतरच्या अंकांत त्या आम्ही छापू.