शहराच्या धुराचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

एखादे शहर कितपत टिकाऊ आहे, हे त्याच्या कार्बन उत्सर्जनावरून ठरविण्याची पद्धत आता रूढ होत आहे. मुंबई महानगरपालिकेने 2022 साली हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात 2019 सालचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन, म्हणजे माणशी 1.8 टन दाखविले आहे. यात सर्वांत मोठा वाटा विजेचा आहे.

वसमतचा असा हिशेब मांडणे अवघड नाही. विजेच्या एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कर्बवायू, डिझेलच्या लिटरमागे 2.7 किलो, घरगुती गॅसच्या टाकीमागे 42 किलो. बिले जमवली की मोंढ्यातला कोणताही मुनीम बेरीज करून देईल. आमचा अंदाज असा की, माणशी आकडा मुंबईहून कमीच निघेल. पण त्यात फुशारकी ती कसली? ज्या घरात कूलरही परवडत नाही, तिथले वीजबिल कमी येणारच. शिवाय चुलीतल्या लाकडाचा कर्बवायू या पद्धतीत मुख्य बेरजेत धरत नाहीत, झाड तो पुन्हा शोषून घेते म्हणून! धूर मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जातोच.

व्यापाऱ्यांनी खरे लक्ष द्यावे ते सीमेच्या प्रश्नाकडे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद शेतात शिजते, उन्हात वाळते, पॉलिश होऊन मोंढ्यात येते आणि ट्रकने दूरच्या शहरांत जाते. शिजविण्याचे जळण, शेताला घातलेले खत, वाटेतले डिझेल, यांपैकी काहीही ती खाणाऱ्या महानगराच्या 1.8 टनांत येत नाही. विजेचा न्याय मात्र निराळा. कोळसा परळीत जळो की चंद्रपुरात, त्याचा भार वीज वापरणाऱ्या शहरावर टाकतात, आणि ते योग्यच आहे. मग हळदीला, साखरेला, सिमेंटला तोच न्याय का नसावा? मापात कमी देणाऱ्यांना पवित्र कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त इशारा आहे. आमच्या मते, दुसऱ्याच्या शिवारातला धूर वगळून स्वतःला स्वच्छ म्हणविणे हेही मापात मारणेच होय.

युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांच्यावर कार्बनचा आकार लागू केला आहे. मसाले त्या यादीत नाहीत. तरीही मोठा खरेदीदार उद्या हा आकडा मागणारच नाही, असे समजून गाफील राहणे परवडणार नाही. आपला हिशेब आपण ठेवला नाही, तर तो परका मांडील आणि भावही तोच पाडील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नगर परिषदेने पाणीपुरवठ्याचे पंप, पथदिवे आणि कचरा यांचा वार्षिक हिशेब फलकावर लावावा. ओला कचरा डेपोत कुजून निघणारा मिथेन कर्बवायूच्या सुमारे 28 पट तापदायक असतो, तेव्हा कचऱ्याचा रकाना विसरू नये. बाजार समितीने येत्या हंगामात प्रत्येक आवकेबरोबर शेतकऱ्याला एवढेच विचारावे की, हळद कशावर शिजवली आणि क्विंटलमागे जळण किती लागले?