आंबील म्हणा की अंबली

तपासणीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "तुमची साखर सीमेवर आहे." मला हसूच आले. सारा जन्म सीमेवर गेला, मग साखर तरी दुसरीकडे कुठे जाणार? घरी आल्यावर मात्र हसू मावळले. वडिलांचा पाय याच साखरेपायी गेला होता.

त्या रात्री ताटाकडे नीट पाहिले. निवृत्त झाल्यापासून सकाळी चहा-खारी, संध्याकाळी फरसाण, आणि भाकरी आठवड्यातून एकदा. वाचकहो, आपण एकटे जेवत नसतो. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू पंगतीला बसलेले असतात. आपल्याला न पचणारा चोथा ते खातात. त्यातून जी आम्ले तयार होतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते. शरीराच्या रक्षक पेशींचा मोठा वाटाही तिथेच असतो, आणि कोणाशी लढायचे, कोणाला सोडायचे, हे त्या या जिवाणूंच्या सहवासात शिकतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुळ्या बहिणी, एक लठ्ठ, एक सडपातळ. दोघींचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी जास्त वाढली. मग दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात शिरले आणि ती वाढ थांबली. पण केव्हा? खाणे कमी चरबीचे आणि भरपूर चोथ्याचे असेल तरच! तेलकट खाण्यावर चांगले पाहुणे टिकलेच नाहीत.

उंदरांचे सारे माणसाला लागू होत नाही, हे खरे. तरी मी सूनबाईंना म्हटले, "उद्यापासून आंबील करा." त्या धारवाडच्या. म्हणाल्या, "मामंजी, आमच्याकडे अंबली म्हणतात, पण करायची रीत तीच." ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवायचे, सकाळी शिजवायचे. शिजताना जिवाणू मरतात, म्हणून गार झाल्यावर ताजे ताक, जिरे, लसूण. मात्र एकच वाटी. ज्वारीतही पिष्ट असतेच. सोबत भाकरी, उसळ, पालेभाजी. फरसाणाचा डबा शेजारी गेला.

डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही सोडलेले नाही. आंबील म्हणजे औषध नव्हे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे. आकडा काय येईल, कोण जाणे. पण पंगतीतल्या पाहुण्यांना उपाशी ठेवले, हा दोष आता माझ्या माथी नको.