कुठले मर्फी तुम्ही?

परवा माझा एक मेल चुकीच्या माणसाला गेला. तसा ऑफिसात रोजच कुणाचा ना कुणाचा जातो, पण या मेलमध्ये पुढच्या वर्षाचे रेट्स होते आणि ज्याला ते दिसायला नको होते, नेमका त्यालाच गेला. आमचा क्लायंट आयर्लंडमधल्या कॉर्कचा. त्यांच्या टीममध्ये नऊ माणसं, त्यातले तीन मर्फी. मी 'मर्फी' टाइप केलं, जे पहिलं नाव आलं त्यावर एंटर मारला आणि चहाला गेलो. परत आलो तर बॉस माझ्या खुर्चीशेजारी उभा!

जे बिघडू शकतं ते बिघडतंच, हा मर्फीचा नियम आपण सगळेच डेस्कवर चिकटवून बसलेलो असतो. पण तो साक्षात मर्फी मंडळींकडूनच शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रकरण निभावलं. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर मी आधी सॉरी म्हटलं आणि मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून विचारलं, ''तुम्ही तिघं एकमेकांचे नातेवाईक का हो?'' तिघंही खो खो हसले. त्यातले सगळ्यात सीनियर, पन्नाशीचे गृहस्थ म्हणाले, ''कॉर्कमध्ये असं विचारत नाहीत. इथे विचारतात, तुम्ही कुठले मर्फी?''

मला एकदम आजी आठवली. घरी कुणीही नवा मित्र आला की पाण्याचा ग्लास पुढे करत तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ''कुठल्या कुलकर्ण्यांपैकी?'' तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तोच प्रश्न आयर्लंडहून आला, तर मला तो फारच इंटरेस्टिंग वाटला. आपलं हे असंच असतं! शनिवार-रविवार सगळा या एका आडनावातच गेला.

तर मंडळी, मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात कॉमन आडनाव. तिथले रजिस्ट्रार जनरल रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० मधल्या जन्मनोंदींवरून आडनावांचा हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजाने तेव्हा देशात ६२,६०० मर्फी होते. दुसऱ्या नंबरवर केली, ५५,९००. तिसरे सलिव्हन, ४३,६००. देशाची लोकसंख्या तेव्हा सत्तेचाळीस लाखांच्या आसपास. म्हणजे दर पंचाहत्तर माणसांमागे एक मर्फी! आपल्या लोकलच्या एका डब्यात सहज दोन-तीन निघाले असते.

मूळ शब्द मात्र मर्फी नाहीच. मूळ आडनाव आयरिश भाषेतलं, 'ओ मुरखू'. (हसू नका. मीही आधी हसून घेतलंय.) 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. आणि ज्याचे वंशज त्या मूळपुरुषाचं नाव बनलंय दोन शब्दांतून, समुद्र आणि लढाई. थोडक्यात, समुद्रावरचा लढवय्या. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावं दहाव्या-अकराव्या शतकातच रुजायला लागली. युरोपात इतक्या लवकर आडनावं लावणारे देश थोडेच.

आता खरी गंमत ऐका. हा लढवय्या एक नव्हता. त्या काळी हे नाव लोकप्रिय होतं. त्यामुळे आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये, पश्चिमेकडे रॉसकॉमनच्या बाजूला, उत्तरेत टिरोन-आर्मा भागात वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वेगवेगळ्या मूळपुरुषावरून एकच आडनाव लावलं. उत्तरेतले तर 'ओ' नव्हे, 'मॅक' लावायचे. मॅक म्हणजे मुलगा. म्हणजे आज आर्मामधला मर्फी आणि वेक्सफर्डमधला मर्फी यांचं नातं तुमच्या-माझ्याइतकंच! पण सगळ्यात जास्त मर्फी आहेत ते दक्षिणेत, कॉर्कमध्ये.

इतके मर्फी एकाच गावात असले की हाक कशी मारणार? तिथल्या लोकांनी सोपा उपाय काढला. कुटुंबाला टोपणनाव द्यायचं. लाल केसांचे ते 'रुआ', भुऱ्या केसांचे ते 'बॉन', थोरले ते 'मोर', धाकटे ते 'ओग'. कधी आजोबांचं नाव जोडायचं, कधी धंद्याचं. ऐकून मला बरं वाटलं, कारण मेलच्या त्या घोटाळ्यानंतर आम्हीही हेच केलंय. आमच्या टीममध्ये आता थोरले मर्फी, लाल मर्फी आणि फायनान्स मर्फी आहेत. जे सुचायला आम्हाला एक मेमो लागला, ते कॉर्कच्या खेड्यांनी कधीच करून ठेवलं होतं.

मग 'ओ मुरखू'चा मर्फी झाला कसा? त्याला जबाबदार इंग्रज. आणि इंग्रजांना आयर्लंडचं दार उघडून दिलं ते, योगायोग बघा, याच नावाच्या एका राजाने. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो. हे मॅकमरोही त्याच मूळ नावाचं 'मॅक' रूप, आणि वेक्सफर्डचे मर्फी त्याच्या भाऊबंदांपैकी. ११६६ मध्ये त्याचं राज्य गेलं. ते परत मिळवायला त्याने समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार बोलावले. ते ११६९ मध्ये उतरले, आणि ११७१ मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आला. पाहुणे पुढे सात शतकांहून जास्त मुक्कामाला राहिले.

या पाहुण्यांना आयरिश नावांचं फार वावडं. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या आयरिश माणसांना इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितलं. एखाद्या गावाचं घ्या, रंगाचं घ्या नाहीतर धंद्याचं. म्हणजे व्हाइट, ब्राउन, स्मिथ, कुक. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत कॅथलिकांवर इतकी बंधनं आली, की नावापुढचा 'ओ' किंवा 'मॅक' म्हणजे नोकरी-जमिनीच्या वाटेतला अडथळाच. लोकांनी मुकाट्याने तो गाळला. उरलेलं नाव सरकारी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. ओ मुरखूचा झाला मर्फी. तिथला 'ख' इंग्रजांच्या जिभेला जमेना, त्याचा 'फ' झाला!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली, तेव्हा कित्येकांनी 'ओ' परत लावला. सलिव्हनचे ओ'सलिव्हन झाले, कॉनरचे ओ'कॉनर. मर्फींचा 'ओ' काही परत आला नाही. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची एक लाडकी मैत्रीण होती, मारी-लुईझ ओ'मर्फी. आयरिश बापाची, फ्रान्समध्ये जन्मलेली. तिच्या नावात तो 'ओ' अजून दिसतो. आयर्लंडमध्ये मात्र ओ'मर्फी शोधून सापडणार नाही. हां, आयरिश भाषेत नाव लिहायचं असेल तर आजही ओ मुरखूच. आणि मुलगी असेल तर 'ओ'च्या जागी 'नी', आणि लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतलं तर पुन्हा तिसरंच रूप. एका आडनावावरून बाईचं लग्न झालंय की नाही तेही कळतं. हे वाचून आमच्या ऑफिसातल्या मुलींनी काय कॉमेंट केली, ते इथे छापता येणार नाही.

आता नकाशा जरा मोठा करू. आयर्लंडबाहेर मर्फी कुठे कुठे आहेत? तुमच्यापैकी जे ऑनसाइट सनीवेलला राहून आलेत त्यांनी मर्फी अ‍ॅव्हेन्यूवर वीकएंडला नक्की चक्कर मारली असेल. तो रस्ता मार्टिन मर्फीच्या नावाचा. हा १८०७ मध्ये वेक्सफर्डमध्ये जन्मला. त्याचं कुटुंब आधी कॅनडात, मग मिझुरीत गेलं आणि १८४४ मध्ये घोडागाड्यांच्या तांड्यातून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून कॅलिफोर्नियात पोचलं. गाड्यांसकट ते डोंगर ओलांडणारा तो पहिला तांडा. आज जिथे आपली मंडळी पार्किंग शोधत फिरतात, तिथे त्याचं गव्हाचं शेत होतं. त्याच्या दोन भावांच्या नावाने सोन्याच्या खाणींच्या भागात मर्फीज नावाचं गाव आहे. तिकडे दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातही मर्फी नावाचं गाव आहे. तेही वेक्सफर्डच्याच एका मेंढपाळी करून जमीनदार झालेल्या माणसाचं.

पण हे आधी निघालेले, नशीबवान. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. तिकडच्या गरिबाच्या ताटात तेव्हा बटाट्याशिवाय दुसरं काही नसायचं. इतकं, की इंग्रजी बोलीत बटाट्यालाच 'मर्फी' म्हणायचे. चेष्टेतला शब्द, पण सात वर्षांत तो फार महागात पडला. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगांनी गेली आणि जवळपास तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६६ लाखांवर आली. सगळ्यात जास्त हाल झाले ते पश्चिमेत आणि दक्षिणेत, त्यात कॉर्कचा पश्चिम भागही आला. म्हणजे मर्फींचा गडच. कॉर्कच्या कोव्ह बंदरातून १८४८ ते १९५० या काळात पंचवीस लाखांवर माणसं बोटीत चढली.

परिणाम? २०१० च्या जनगणनेत एकट्या अमेरिकेत तीन लाखांवर मर्फी निघाले. मायदेशातल्या मर्फींच्या कितीतरी पट! आणि ते सगळे लाल केसांचे गोरे असतील असं समजू नका. गुलामगिरीच्या काळात मालकाचं आडनाव गुलामालाही चिकटायचं, त्यामुळे कित्येक कृष्णवर्णीय घरांतही आयरिश आडनावं आहेत. ज्या एडवर्ड मर्फीच्या नावाचा तो प्रसिद्ध नियम आहे, तो इंजिनिअरही अमेरिकनच. १९४९ मध्ये हवाई दलाच्या चाचणीत सेन्सर उलटे जोडले गेले, तिथून ते सगळं सुरू झालं. आणि आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यातला मर्फी रेडिओ? ती १९२९ मध्ये फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी इंग्लंडात काढलेली कंपनी. तिच्या जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ आपल्याकडे इतकं लाडकं झालं, की २०१२ च्या 'बर्फी!' सिनेमातल्या नायकाचं खरं नाव त्या रेडिओवरून मर्फी ठेवलंय. तो ते उच्चारतो बर्फी. इंग्रज कारकुनाने जे केलं तेच, फक्त गोड!

पुढच्या कॉलच्या शेवटी हे सगळं मी थोरल्या मर्फींना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ''दर उन्हाळ्यात अमेरिकेतून लोक येतात आमच्याकडे. पणजोबा कॉर्कचे मर्फी होते, आमचं घर शोधून द्या म्हणतात. आम्ही विचारतो, कुठले मर्फी? आणि तिथेच ते गप्प होतात.''

कारण बोटीत चढताना माणसाने आडनाव नेलं, पण टोपणनाव मागेच राहिलं. 'रुआ' की 'बॉन', डोंगराकडचे की नदीकडचे, हे न्यूयॉर्कमध्ये कुणाला सांगणार? आयर्लंडमध्ये गावापेक्षाही छोटी अशी साठ हजारांवर टाउनलँड आहेत, आपल्या वाड्या-वस्त्यांसारखी. त्या वाडीचं नाव माहीत असेल तरच घर सापडतं. कागदांचाही भरवसा नाही. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद जळाले. पूर्ण शाबूत अशी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. तोवर जाणारे जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

मी विचारलं, ''मग त्यांना काय सांगता?''

''चहा पाजतो,'' थोरले मर्फी म्हणाले. ''माझ्या पणजोबांची सात भावंडं होती. पाच गेली. कुठे गेली, माहीत नाही. आलेला माणूस त्यांच्यापैकीच कुणाचा नसेल कशावरून?''

कॉल संपल्यावर मी बराच वेळ हेडफोन तसाच डोक्यावर ठेवून बसलो होतो. आजीच्या त्या प्रश्नाला आपण नाकं मुरडतो, आणि ते बरोबरच आहे. त्या 'कुठल्या कुलकर्ण्यांपैकी'च्या आड बऱ्याचदा जात चाचपणं असतं. उत्तर आयर्लंडमध्येही मर्फी म्हटलं की कॅथलिक, हे समोरच्याने मनात टिपलेलं असायचं आणि त्यावरून पुढचं वागणं ठरायचं. असलं विचारणं बंद झालेलंच बरं. पण त्याच प्रश्नाची दुसरी बाजू थोरल्या मर्फींनी दाखवली. हरवलेल्या माणसाला घरी पोचवायलाही तोच प्रश्न लागतो.

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. म्हणजे मला मर्फींसारखं शोधायलाही नको, गाव आडनावातच आहे. एसटीने पाच तासांवर. मी एकदाही गेलेलो नाही. तिथे आमची वाडी कुठली, घराला काय म्हणायचे, हे सांगणारी आजीही आता नाही. पण तिची धाकटी बहीण आहे. नव्वदीची, कान जरा मंद, पण आठवण खणखणीत.

या रविवारी तिच्याकडे जातोय. डायरी घेऊन. आणि हो, या वेळी मेल करत नाही.