आधी प्लास्टिक वाचवा, मग रंग काढा

मंडळी, या शनिवारी अप्रेझल, डेडलाइन आणि 'वर्क फ्रॉम होम' या आपल्या नेहमीच्या रडगाण्यांना सुट्टी. आजचा विषय एकदम बारीक आहे, अक्षरशः बोटभर. मॉडेल कारची पारदर्शक काच आणि तिच्यावर नको तिथे लागलेला रंग. विषय छंदाचा असला तरी माझं मत ठाम आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. 'रंग कशाने निघेल?' हा आपण पहिला विचारतो तो प्रश्न खरं तर दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की 'या प्लास्टिकला काय सोसेल?' आणि हा क्रम उलटा झाला की काच गेलीच म्हणून समजा.

आता हा विषय कुठून आला? तर आमच्या नगरमधून. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीत बसल्यावर तोंडात अजून नगरच येतं.) बाहेरच्यांना हे गाव शनिशिंगणापूर आणि शिर्डीच्या वाटेवरचं वाटतं. पण हे गाड्यांचं गाव आहे. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलं, वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा इथली, आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही इथलंच. तिथे विजयंता, सेंच्युरियन, पकडून आणलेला पॅटन आणि रोल्स रॉइसची चिलखती गाडी उन्हात शेजारी शेजारी उभ्या आहेत. अशा गावात पोरांना गाड्यांच्या मॉडेलचं वेड लागलं नाही तरच नवल. सावेडीत, पाइपलाइन रोडच्या एका सोसायटीत माझी ताई राहते. तिचा मुलगा त्याच वेडातला. नववीत आहे, म्हणजे घरात दहावीचं वातावरण आत्ताच सुरू झालंय :)

भाच्याने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून १:२४ प्रमाणातलं फोक्सवॅगन बीटलचं किट घेतलं. जोडून झाल्यावर गाडी जेमतेम १७ सेंटीमीटर. अशा किटमध्ये काचेभोवतीचं काळं रबर आपल्याला रंगवावं लागतं, तेही पारदर्शक भागावरच. पट्टी चिकटवून मधला भाग झाकायचा आणि कडेला काळा रंग मारायचा. त्याच्या पट्टीखालून रंग आत झिरपला आणि पुढच्या काचेवर, ड्रायव्हरच्या बरोबर समोर, नखाएवढा काळा ओघळ आला. मी गेलो तेव्हा पोरगं हातात बाटली घेऊन उभं होतं.

"मामा, थिनर लावू का? दुकानदार म्हणाला दोन मिनिटांत निघेल."

"निघेल की. काचेसकट निघेल."

आता हे असं का, ते मराठी माणसाला समजावायला केमिस्ट्रीचं पुस्तक लागत नाही. गणपतीचं मखर आठवा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण त्याआधी ज्यांनी रात्र रात्र जागून थर्माकोल कापलंय त्यांना एक नियम पाठ असायचा. थर्माकोलला पोस्टर कलर लावायचा, स्प्रे मारायचा नाही. कुणीतरी हौशी कार्यकर्ता सोनेरी स्प्रेचा डबा आणायचाच, आणि फुस्स केल्याबरोबर महिरपीला खड्डे पडायचे. पेट्रोलचा थेंब पडला तरी तेच. थर्माकोल म्हणजे हवेने फुगवलेलं पॉलिस्टायरीन. आणि मॉडेल किटची काच म्हणजे साधारणपणे तेच पॉलिस्टायरीन, न फुगवलेलं. दिसायला एक दगडासारखं आणि एक कापसासारखं, पण थिनरच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. खड्डे पडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी (आपल्यात बरेच असणार) थोडे आकडे. जोएल हिल्डेब्रँड या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक विद्राव्यतेचा आकडा आहे. दोन पदार्थांचे आकडे जितके जवळ, तितके ते एकमेकांत विरघळण्याची शक्यता जास्त. पॉलिस्टायरीनचा आकडा अंदाजे १८.५. हार्डवेअरच्या दुकानातल्या बऱ्याच थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युईनचा १८.२. म्हणजे पत्रिकाच जुळली. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनचा २० च्या आसपास, तेही धोक्याचंच. 'अ‍ॅसिटोन-फ्री' लिहिलेल्या रिमूव्हरवर अजिबात जाऊ नका. त्यात बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट असतं, त्याचा आकडा पुन्हा १८ च्या घरात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल रिपेअरवाले सर्किट बोर्ड पुसायला वापरतात ते आयपीए, २३.५. आणि पाणी ४८. हा नियम ढोबळ आहे, त्याला अपवाद आहेत, पण बाटली उघडण्यापूर्वी एवढा विचार केला तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट. किटमधले रंगीत भाग आणि पारदर्शक भाग एकसारखे सोशीक नसतात. पॉलिस्टायरीन चिवट करायचं तर त्यात रबर मिसळतात, पण रबराचे कण प्रकाश विखुरतात आणि प्लास्टिक दुधाळ होतं. काचेच्या भागात ते चालणार नाही. म्हणून काच शुद्ध, आणि म्हणूनच ठिसूळ. शिवाय साच्यात ओतताना तिच्यात ताण राहून गेलेला असतो. चुकीचं द्रव लागलं की विरघळायच्या आधीच त्या ताणाच्या जागी केसासारख्या बारीक तडा उमटतात. या तडा आत जातात, त्या कशानेही पुसल्या जात नाहीत. दारावरचा रंग काढायला मॉडेलवाले सर्रास वापरतात ते ब्रेक ऑइल किंवा घरातलं डेटॉल (हो, डेटॉलने मॉडेलचा रंग निघतो, इंग्लंडमधल्या हौशी लोकांचा हा जुना उपाय आहे) मी काचेवर वापरणार नाही, ते याच कारणासाठी. दारावर डाग राहिला तर वरून दुसरा रंग मारता येतो. काचेला ती सोय नाही.

म्हणजे करायचं काय? माझं मत असं, की सगळ्यात कमी ताकदीच्या उपायापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पायरीवर थांबून बघायचं. क्रम असा :

पहिली पायरी, चाचणी. काचेचे भाग ज्या प्लास्टिकच्या जाळीला जोडून येतात ती जाळी फेकू नका. ते त्याच साच्यातलं, तेच प्लास्टिक. जे काही लावायचं ते आधी त्या जाळीच्या तुकड्यावर लावा आणि तासाभराने उजेडात धरून बघा. आपण ऑफिसात थेट प्रॉडक्शनवर बदल करणाऱ्याला काय बोलतो? मग इथे वेगळा न्याय कशाला?

दुसरी पायरी, लाकूड. दात कोरायची काडी घ्या, टोक तिरकं कापा, पाण्यात भिजवा आणि डाग कडेपासून हळूहळू ढकला. लाकूड प्लास्टिकला सहसा ओरखडत नाही, पाहिजे तिथेच थांबतं. ब्लेड थांबत नाही. झिरपलेल्या रंगाचा थर पातळ असतो आणि गुळगुळीत काचेवर त्याची पकड कमी असते, त्यामुळे अर्धं काम इथेच होतं.

तिसरी पायरी, आयपीए, आणि तेही रंग अ‍ॅक्रिलिक असेल तर. काच त्यात बुडवायची नाही. कापसाची काडी जेमतेम ओली करायची, डागावर घासण्याऐवजी फिरवायची आणि प्रत्येक वेळी कापसाची नवी बाजू वापरायची. नाही तर आपण रंग काढत नाही, पसरवतो. मध्ये मध्ये काच वाळू द्यायची. रंग इनॅमल असेल तर त्याच कंपनीचं इनॅमलचं पातळ द्रव, तेही आधी जाळीवर तपासून आणि थेंबभरच. आणि रंग लॅकर असेल तर द्रवाचा नादच सोडा. लॅकर प्लास्टिकला चावूनच बसलेला असतो, त्याला विरघळवणारं सगळं काचेलाही विरघळवतं.

चौथी पायरी, घासणं. रंग गेला तरी धूसरपणा उरतो. २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह, मग गाडीच्या रंगकामाच्या दुकानात मिळतं ते रबिंग कंपाउंड मऊ कापडावर. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि २००० नंबरच्या पेपरचा कण १० मायक्रॉनच्या आसपास. म्हणून पेपरनंतर काच आणखी पांढरी दिसते आणि माणूस घाबरतो. घाबरायचं नाही. कंपाउंडने चरे बारीक होत होत प्रकाशाला दिसेनासे होतात. शेवटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा एक पातळ थर दिला तर उरलेले चरेही बुजतात. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९, अ‍ॅक्रिलिकचा १.४९, हवेचा १. चऱ्यात हवेऐवजी अ‍ॅक्रिलिक बसलं की प्रकाशाला तिथे वळायला फारसं कारण उरत नाही.

आता आक्षेप. पहिला ताईचा. "अरे, पुढच्या वर्षी दहावी आहे त्याची. चार संध्याकाळी एका प्लास्टिकच्या तुकड्यावर घालवायच्या? नवीन आण ना एक." ताईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. क्लासची फी ती भरते, मी नाही. पण नवीन काच आणायची कुठून? सुटी काच आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणजे पुन्हा सगळं किट, पुन्हा दोन सणांचे पैसे. आणि समजा मिळाली, तरी मला त्या चार संध्याकाळी वाया गेल्या असं वाटत नाही. 'विद्राव्यता', 'अपवर्तनांक' हे शब्द तो पुस्तकात दोन मार्कांसाठी वाचणारच आहे. इथे त्याच शब्दांवर त्याचे स्वतःचे पैसे अडकलेत. त्याने जाळीचे पाच तुकडे केले, पाच वेगवेगळी द्रवं लावली, वहीत वेळ लिहिली. मी त्याला वही करायला सांगितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप आपल्यासारख्यांचा : एवढा वेळ आहे कुणाला? आपल्या कामात कंट्रोल झेड आहे, रोलबॅक आहे, बॅकअप आहे. त्यामुळे आपल्या हाताला एक सवय लागलीय, आधी दाबून बघायचं, बिघडलं तर मागे यायचं. ही सवय संगणकावर अगदी योग्य आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण दात, डोळे, जुने फोटो, आजोबांचं घड्याळ, आणि रागात पाठवलेला मेसेज, यांना ती लागू नाही. मागे येता न येणाऱ्या वस्तूवर हात कसा ठेवायचा, हे शिकायला पुढची काच स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात पटतो : डाग असू दे ना. खरंय. कधी कधी असूच द्यावा. हातभर अंतरावरून दिसत नसेल आणि काढण्यात काच जाण्याची भीती असेल, तर थांबणं हेच शहाणपण. पण तो निर्णय जाळीवर चाचणी केल्यावर घ्यायचा. आधी घेतला तर तो आळस.

काढण्याची वेळच येऊ नये यासाठी दोन सोप्या गोष्टी. पट्टी चिकटवल्यावर तिच्या कडेवरून आधी पारदर्शक थर मारायचा, मग काळा. जे झिरपायचं ते पारदर्शकच झिरपतं. आणि काच बसवायला फेव्हीक्विक नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. साधं फेविकॉल घ्या, वाळलं की पारदर्शक होतं.

राहता राहिली ती बाटली. मला या सगळ्यात खरा राग तिचा आहे. थिनर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून, लेबल न लावता, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं होतं. त्यात नेमकं काय आहे हे दुकानदारालाही सांगता आलं नसतं. बंद खोलीत ते हुंगलं की डोकं धरतं, आणि घरात लहान मूल असेल तर ते पाणी समजून प्यायला वेळ लागत नाही. काच गेली तर दोन सणांचे पैसे जातात. म्हणून नगर असो वा पुणे, पोरांसाठी असली वस्तू घेताना एवढं करा : सीलबंद डबा घ्या, त्यावरची नावं वाचा, खिडकी उघडी ठेवा, उरलेलं वरच्या फळीवर कुलुपात ठेवा. आणि दुकानदार 'दोन मिनिटांत निघेल' म्हणाला, तर काय काय निघेल ते विचारा.

ता. क. : ज्यांच्या खऱ्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडलेत त्यांनी चौथी पायरी पुन्हा वाचावी. ते प्लास्टिक वेगळं, पॉलिकार्बोनेट. पण वॉटर पेपर, कंपाउंड आणि धीर, तिन्ही तिथेही लागतात. थिनर तिथेही नको.