संक्रांतीनंतरचे चार आठवडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवर दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. उचल आधीच घेतलेली असते. दिवाळी आटोपली की भांडीकुंडी, लेकरं आणि ज्वारीची पोती ट्रकमध्ये चढतात. मागे म्हातारी माणसं उरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातली बाई दोन जिवांची असली तरी मुकादमाचा हिशेब बदलत नाही. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत नाही, म्हणून ती जातेच.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर बाईची मधुमेहासाठी पहिली तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. ती ठीक आली, तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. कारण वारेतून सुटणारी संप्रेरकं इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि त्यांचा जोर याच सुमारास वाढलेला असतो. आता श्रावणात दिवस राहिलेल्या बाईचे आठवडे मोजा. दिवाळीत तिसरा महिना. गावच्या आशाताईकडे नोंद होते. दुसऱ्या तपासणीची वेळ येते संक्रांतीनंतर, आणि तेव्हा ती शेकडो किलोमीटरवरच्या उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. गावाच्या लेखी ती बाहेरगावी असते, साखर कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या यादीत तिचं नावच नसतं.

तिच्याशी बोलायला गेलेल्याला पहिलं उत्तर मिळतं: ‘आम्हाला कशाची साखर? ती बसून खाणाऱ्यांना.’ या समजाला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अंगमेहनत करणाऱ्या बारीक बाईला हा आजार होत नाही, असं शिकलेल्यांनाही वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. वजनाला कमी भरणाऱ्या त्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे बारीक अंगातही चरबी असू शकते; हाडकुळं शरीर म्हणजे साखरेपासून अभय नव्हे.

दुसरा समज याहून बोलका आहे. ‘बाळ पोटात फार वाढलं तर बाळंतपण अडतं, घास आवरता घे,’ असं घरातली जाणती सासू सांगते. तिची भीती खोटी नाही. आईच्या रक्तातली साखर चढलेली राहिली की बाळ वाजवीपेक्षा मोठं होतं आणि प्रसूती अवघड होऊ शकते. चुकतो तो उपाय. उपाशी राहून आई खंगते. साखर मात्र उपासानेच ताब्यात येईल असं नाही. म्हणजे परिचारिकेला जे पटवायचं आहे, त्याचा धागा सासूच्या बोलण्यातच आहे. तो धरायचा सोडून गरोदर बाईच्या हाती पत्रक दिलं जातं: फळं खा, थोडं थोडं पण वारंवार खा, रोज अर्धा तास चाला. जी पहाटे भाकरी थापून फडात जाते आणि दिवसभर मोळ्या वाहते, तिला हे वाचून हसू येईल. तेही पत्रक तिच्या गोरमाटी बोलीत असेल तर.

खरी अडचण दोन तासांची आहे. तपासणी साधी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली तर मधुमेह. उपाशीपोटी यायची अट नाही. पण दिवसा ते दोन तास दवाखान्यात गेले, तर फडात कोयता अडतो आणि खाडा पडतो. तोच ग्लुकोजचा पेला संध्याकाळी तिच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर नेला, तर दोन तासांत बाईचा स्वयंपाकही उरकतो. पुढे इन्शुलिन लागलंच, तर फ्रिज नसलेल्या कोपीत ते ठेवायला पाण्याने गार राहणारं मडकंही चालतं.

त्यामुळे करायचं ते ठरलेलं आहे. यवतमाळच्या आरोग्य विभागाने ट्रक सुटण्याआधी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, तांड्यांवर पहिली तपासणी उरकावी, माता-बाल संरक्षण कार्डावर दुसरीची तारीख ठळक लिहावी आणि यादी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला कळवावी. तिथल्या कर्मचाऱ्यांनी संक्रांतीनंतर कोप्यांवर फिरावं. तपासणीचा खाडा धरायचा नाही, हे साखर कारखान्यांनी मुकादमांना लेखी बजावावं. पैशाचं कारण पुढे करू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरलेले आहेत. त्यातून ग्लुकोजच्या पुड्या आणि रक्त तपासायच्या पट्ट्या नक्की निघतील.

पाडव्याच्या आसपास ट्रक परत येतील. बाळंतपण झालं की साखर बहुधा उतरते आणि ‘गेली एकदाची’ म्हणून घर निश्चिंत होतं. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका असतो, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितलेली आहे. तेव्हा ती बहुतेक तांड्यातच असेल. निदान ही तपासणी तरी चुकल्याचं खापर स्थलांतरावर फोडता येणार नाही.