देह्या, चांदबिबी आणि माझी एक चूक

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची कामठीहून आमच्याकडे पारशिवनीला येते. यंदा ती नववीत गेली. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते. त्यामुळे कूलरसमोर बसून ती मोबाईलवर दुसऱ्यांनी खेळलेल्या गेमचे व्हिडिओ पाहते. तो गेम तिच्या साध्या फोनवर चालतच नाही, त्याला जागा फार लागते. मी एकदा विचारलं, "स्वतः खेळायचं नाही आणि नुसतं बघत बसायचं, यात काय मजा?" ती म्हणाली, "मामू, तुम्ही तरी क्रिकेट कुठं खेळता? बघताच ना?"

मास्तरकीची वीस वर्षं अशा उत्तरापुढे काही कामाची नसतात. मी तिच्या शेजारी बसलो.

गेमचं नाव गेनशिन इम्पॅक्ट. चिनी कंपनीचा आहे, २८ सप्टेंबर २०२० ला आला. अशा गेमला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. पेंचच्या सफारीत जिप्सी ठरलेल्या रस्त्यानंच जाते, खाली उतरता येत नाही. इथं उलट आहे. कुठंही उतरा, डोंगर चढा, नदी पोहून जा, वाटेत भेटेल त्याच्याशी बोला. जादू आहे, राक्षस आहेत, वेगवेगळे देश आहेत. तिलिस्म-ए-होशरुबा वाचलेल्या माणसाला हे नवीन वाटायचं नाही. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये अख्खी दुनिया मावते, तशीच या गेममधल्या खेळाडूची पिशवी.

भाची म्हणाली, "मामू, हा देश बघा, यातली सगळी नावं आपल्यासारखी आहेत."

त्या देशाचं नाव सुमेरू. ऑगस्ट २०२२ मध्ये तो गेममध्ये आला. नाव आपल्या पुराणांतल्या मेरू पर्वताचं. तिथल्या विद्यापीठात सहा शाखा, त्यांना म्हणतात 'दर्शन'. त्या शाखांची नावं पारशी धर्मातल्या अमेशा स्पेंतांवरून घेतलेली. एका पात्राचं नाव अलहैथम, म्हणजे प्रकाशशास्त्राचा पाया घालणारे, बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैथम. दुसरा कावेह, म्हणजे शाहनाम्यातला जुलमी राजाविरुद्ध उठलेला लोहार. आणखी एक लैला. मी खूश झालो. वर्गात ही नावं सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, आणि इथं जगभरची पोरं ती घेत आहेत.

मग मी चेहरे पाहिले. अलहैथम गोरापान. कावेहचे केस सोनेरी. लैलाही गोरी. लैला म्हणजे रात्र, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की लैला सावळी होती, तिचं रूप बघायला मजनूची नजर हवी. या लैलाला बघायला मजनूची गरजच उरली नाही.

जुलै २०२२ मध्ये सुमेरूची काही पात्रं दाखवली तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी हेच विचारलं. इराण, अरबस्तान, इजिप्त, भारत इथून नावं, वाद्यं, कपडे, नाच सगळं घेतलं, मग तिथल्या माणसांचा रंग का नाही घेतला? वाळवंटातली सायनो, कँडेस, देह्या अशी मोजकी पात्रं गव्हाळ किंवा सावळी, बाकी बहुतेक गोरी. गंमत म्हणजे गेमच्या कथेत विद्यापीठातले पंडित वाळवंटातल्या लोकांना कमी लेखतात आणि ती चूक आहे, असं कथाच सांगते.

यातल्या देह्यावर लोकांचा फार जीव जडला. वाळवंटातली भाडोत्री सैनिक, शब्दाला पक्की, दिलदार. तिचं नाव उत्तर आफ्रिकेतल्या दिह्या या अमाझिग राणीची आठवण करून देतं. गेम फुकट आहे, पण हवं ते पात्र मिळवायला एक प्रकारची सोडत असते. पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याची शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के. नव्वदाव्या सोडतीपर्यंत असं एखादं पात्र नक्की निघतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची खात्री नाही. लोकांनी देह्यासाठी महिनोन्‌महिने जमवाजमव केली. १ मार्च २०२३ ला ती खेळायला मिळाली, आणि कथेत शेर असलेली देह्या प्रत्यक्ष लढाईत फारच कमजोर निघाली. जगभर ओरड झाली. तिला सुधारा अशी मागणी झाली.

भाची म्हणाली, "आपल्यासारखी दिसणारी एक होती, तिलाच असं केलं."

पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये नाटलान नावाचा देश आला. त्यात आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पॅसिफिक बेटांच्या संस्कृतींतून उचल होती, आणि तक्रार पुन्हा तीच. या वेळी गेमला आवाज देणारे काही कलाकारही उघडपणे बोलले.

यावर लोक तीन गोष्टी म्हणतात. पहिली, काल्पनिक जग आहे, तिथं रंगाचा काय हिशेब? मान्य, पण मग नावंही काल्पनिक घ्यायची होती. दुसरी, चिनी कंपनी आहे, तिच्या घरच्या बाजारात गोरं रूप खपतं. हे कारण असू शकतं, समर्थन नाही. तिसरी, फुकट गेमवर रुसायचं कशाला? ज्याने पैसे घातले त्याला हे विचारू नका, आणि ज्याने वेळ घातला त्यालाही नको.

उसनं घेण्याला माझा विरोध नाही. अमीर हमजाची दास्तान इराणकडून आपल्याकडे आली. अकबराने तिची सुमारे चौदाशे चित्रं काढून घेतली, त्या कामाला पंधरा वर्षं लागली. इराणी उस्तादांच्या हाताखाली हिंदुस्थानी चित्रकार बसले, आणि परदेशी कथेत इथली झाडं, इथले कपडे, इथली माणसं आली. पुढं लखनौच्या नवल किशोर छापखान्याने हीच दास्तान उर्दूत ४६ खंडांत छापली. उसनं घेतलेलं असं फेडता येतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना घरात जागा द्यायची. गेनशिनचा मजकूर पंधरा भाषांत वाचता येतो. त्यात तुर्की आहे, इंडोनेशियन आहे. सुमेरूची नावं ज्या भाषांतून आली त्या अरबी, फारसी किंवा हिंदी यांपैकी एकही नाही. उर्दू-मराठीचं तर नावच काढू नका.

इथंच लेख संपवला असता तर मला बरं वाटलं असतं. चिनी कंपनीला बोल लावणं सोपं आहे. पण आपल्या दास्तानांतही परी चंद्रासारखी गोरी, आणि काळा 'जंगी' बहुतेक वेळा नायकाच्या हातून मरायला आलेला. आपल्याकडे रिश्ता बघताना पहिला प्रश्न शिक्षणाचा नसतो, "लडकी साफ है ना?" हा असतो. साफ म्हणजे गोरी. ज्या महाराष्ट्रात इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, त्याच महाराष्ट्रात हे चालतं.

आणि माझं स्वतःचं. बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हा मी ज्या शाळेत होतो तिथल्या स्नेहसंमेलनात मी चांदबिबीवर नाटक बसवलं. १५९५ ला मोगल फौज अहमदनगरच्या किल्ल्याला भिडली तेव्हाचा प्रसंग. एका मुलीला सगळे संवाद पाठ होते. उर्दूही आणि मराठीही, उच्चार स्वच्छ. ती सावळी होती. मी भूमिका दुसरीला दिली, कारण ती 'राणीसारखी दिसत होती'. पहिलीला म्हणालो, "तू पडद्यामागून संवाद सांग." तिने सांगितले. ऐन वेळी राणी दोनदा अडली, दोन्ही वेळा त्या पोरीने आवाज देऊन नाटक सावरलं. पाहुण्यांनी राणीला बक्षीस दिलं. पुढच्या वर्षी नाटकासाठी नावं मागवली तेव्हा तिने हात वर केला नाही. मी कारण विचारलं नाही. मला कारण माहीत होतं.

बी.एड.ला मला मानसशास्त्राचा पेपर होता. मुलाचा आत्मविश्वास कसा वाढवावा यावर मी चार पानं लिहून आलो होतो.

देह्याला लढाईत कमजोर करणारी कंपनी आणि त्या मुलीला पडद्यामागं बसवणारा मी, दोघांनी एकच काम केलं. गोष्टीत तिचं कौतुक करायचं आणि मैदानात उतरायची वेळ आली की तिला मागं ठेवायचं. खेळाडू रागावले ते गेम वाईट आहे म्हणून नाही. गेम आवडतो म्हणूनच रागावले, आणि त्यांनी बोलून दाखवलं. त्या मुलीला तेवढीही सोय नव्हती. समोर मास्तर होता.

म्हणून पोरं मोबाईलमधल्या पात्रावरून हिरमुसली तर "खेळच तर आहे" म्हणून उडवून लावू नका, ती काय म्हणतात ते ऐका. यंदाच्या संमेलनात मी पुन्हा चांदबिबी बसवणार आहे. भूमिकेची निवड संवाद ऐकून होईल, आणि ऐकताना मी वर्गाकडे पाठ करून बसणार आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामू, पाठ करून बसावं लागतं म्हणजे अजून तुमचा स्वतःवर भरवसा नाही."

खरं आहे. अजून नाही.