टिंबांची वही

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती शब्दांच्या आणि शुद्धलेखनाच्या निमित्ताने. पण दिवाळी अंकात ऱ्हस्वदीर्घ घेऊन बसणे म्हणजे फराळाच्या ताटात एरंडेल वाढण्यासारखे! म्हणून आज व्याकरण बासनात बांधून ठेवतो आणि यंदा गणपतीत आमच्या डोंबिवलीच्या घरी उभा राहिलेला एक खटला वाचकांपुढे मांडतो.

खटल्यातली फिर्यादी म्हणजे आमची कन्या. वय वर्षे चौदा, इयत्ता नववी, शाळेच्या खो-खो संघातली खेळाडू. आरोपी दोन : एक मी आणि दुसरे माझे वडील, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते. आरोप असा की, हे दोघे गृहस्थ पाच-पाच दिवस चालणाऱ्या कसोटी क्रिकेटपायी घरादाराला विसरतात. न्यायाधीशाच्या खुर्चीत अर्थातच आमची सौभाग्यवती. तिच्या हातात मोदकांचे पातेले असल्यामुळे तिच्या अधिकाराला आव्हान देण्याची कोणाची छाती नव्हती.

"बाबा," कन्येने सुरुवात केली, "पाच दिवस खेळायचं, मध्ये जेवायचं, चहा प्यायचा, आणि शेवटी कोणी जिंकलंच नाही! त्या खेळात काही घडतच नाही. आमच्या खो-खोत नऊ मिनिटांच्या पाळीत श्वास घ्यायला फुरसत नसते. तुम्हाला त्यात दिसतं तरी काय?"

मी प्राध्यापक. प्रश्न आला की पन्नास मिनिटांचे उत्तर तयार! पण अण्णांनी मला हातानेच थांबवले. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि रेडिओला कान लावून बसले होते. तेव्हापासून ते या पंथाचे वारकरी.

"बाळ, बाकीच्या खेळांत घड्याळ हा एक जादा गडी असतो," अण्णा म्हणाले. "फुटबॉल नव्वद मिनिटांचा, कबड्डी चाळीस मिनिटांची. एक बाजू पुढे गेली की ती वेळ काढत बसते. कबड्डीतला चढाई करणारा मध्यरेषेपलीकडे जातो, तीस सेकंद इकडेतिकडे करतो आणि हात हलवत परत येतो. क्रिकेटात ती सोय नाही. कसोटी जिंकायची असेल तर समोरचा शेवटचा गडी बाद करावाच लागतो. कितीही धावा पुढे असा, चेंडू टाकावाच लागतो."

इथे एक अनपेक्षित साक्षीदार पुढे आला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. गणपतीसाठी तो आला होता. तिकडे राहून त्याला बेसबॉलचे वेड लागले आहे. तो म्हणाला, "मामा, आमचे बेसबॉलचे भक्त अगदी हेच बोलतात! नऊ डाव, प्रत्येक डावात तीन गडी, म्हणजे सत्तावीस जणांना बाद केल्याशिवाय सुटका नाही. दोन हजार तेवीस सालापासून चेंडू टाकायला उशीर करू नये म्हणून तिथे घड्याळ आलं, पण सामना संपवणारं घड्याळ अजून आलेलं नाही. शिवाय एकेका संघाचे हंगामात १६२ सामने. जवळजवळ रोज एक! सहा महिने तो खेळ घरातल्या माणसासारखा सोबत राहतो. दहा वेळा उभा राहून तीन वेळा चेंडू नीट मारला, तर तो उत्तम फलंदाज. सात वेळा फसलेल्या माणसाला टाळ्या देणारा खेळ आहे तो."

"आणि आमचा ब्रॅडमन!" अण्णांनी लगेच धागा उचलला. "१९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या, तर सरासरी शंभर झाली असती. दुसऱ्या चेंडूला शून्यावर गेला. राहिली ९९.९४. देवालासुद्धा या खेळात पॅव्हेलियनपर्यंत एकट्यानं चालत जावं लागतं."

मला वाटले, खटला निकालात निघाला. पण हल्लीची मुले उलटतपासणीत आपल्याला ऐकत नाहीत.

"अण्णा, कल्याणचा प्रणव धनावडे तुम्हाला आठवतो ना?"

आठवतो म्हणजे काय! २०१६ सालच्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर शालेय सामन्यात या पंधरा वर्षांच्या, रिक्षाचालकाच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ सालचा कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. १२९ चौकार, ५९ षटकार! आमच्या लोकलच्या डब्यात त्या दोन दिवसांत दुसरा विषय नव्हता.

"त्याच्या संघानं ३ बाद १४६५ केल्या," कन्या म्हणाली. "समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी हरली ती मुलं. घड्याळ असतं, तर त्यांची सुटका झाली असती की नाही?"

अण्णा गप्प झाले. आम्ही त्या हजार धावा शंभर वेळा मोजल्या होत्या. उन्हात चेंडू आणायला धावणारी समोरची मुले मात्र एकदाही मोजली नव्हती.

"आणि अनिर्णित सामना?" तिने दुसरा बाण सोडला. "तेव्हा घड्याळच वाचवतं ना? पाचव्या दिवशी संध्याकाळ झाली म्हणून सुटलात. मग तुमच्या खेळात घड्याळ नाही, असं कसं?"

भाचा खो खो हसला. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही. निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात, अशी पुस्तीही त्याने जोडली. आमचा एकुलता एक साक्षीदार फितूर झाला! सौभाग्यवतीने मोदकाचे पातेले खाली ठेवले. आता निकाल लागणार, तोच अण्णा मला म्हणाले, "ती वही आण."

अण्णांची ही वही म्हणजे सामन्यांची जमाखर्च-वही. रेल्वेतल्या कारकुनीची सारी शिस्त त्यांनी तिच्यात ओतली आहे. धाव निघाली की आकडा, गडी बाद झाला की खूण, आणि काहीच घडले नाही की एक टिंब. सहा टिंबांचे निर्धाव षटक झाले की ती टिंबे रेघांनी जोडून टाकायची. मला लहानपणी या टिंबांचे फार नवल वाटे. ज्या चेंडूवर काही झाले नाही, तोही लिहून ठेवायचा!

अण्णांनी पान उघडले. ११ जानेवारी २०२१, सिडनी.

वाचकांपैकी जे या पंथातले आहेत, त्यांना तारीख पुरे. इतरांसाठी सांगतो. त्याच दौऱ्यात डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला होता. कोहली मायदेशी परतला आणि संघाची धुरा अजिंक्य रहाणेकडे आली. हा आमच्या डोंबिवलीचा मुलगा; आमच्यासारखाच गर्दीच्या लोकलमधून, पण खांद्यावर क्रिकेटचे ओझे घेऊन, मुंबईला जात वाढलेला. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या आणि सामना जिंकून दिला. जडेजाबरोबर पळताना धावबाद झाला, तर रागावणे दूरच, उलट जडेजाचीच समजूत घालून तो परत गेला. पुढचा सामना सिडनीचा. पाचव्या दिवशी पाचवा गडी गेला आणि उरले हनुमा विहारी व अश्विन. विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, त्याला पळता येईना. अश्विनची पाठ धरलेली. विहारीने १६१ चेंडूंत २३ धावा केल्या, अश्विनने १२८ चेंडूंत ३९. दोघेही नाबाद. सामना अनिर्णित!

पण आमच्या घरात त्या दिवशी आणखी एक सामना चालला होता. २०२० च्या नवरात्रात अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणे जड झाले. करोनाचे दिवस, घरी येणारे-जाणारे कोणी नाही. पहाटे सामना लागला की ते टक लावून बघत आणि टिपॉयवरच्या वहीकडे बघून डोळे मिटून घेत. त्या दिवशी मी पेन्सिल घेतली. तासाभराने माझे ऑनलाइन तास सुरू झाले, तेव्हा ती नऊ वर्षांच्या कन्येच्या हातात आली. तिची शाळाही मोबाइलमध्येच भरत होती, आणि त्या दिवशी ती भरलीच नाही.

अण्णांनी ते पान तिच्यापुढे सरकवले. विहारीच्या नावापुढे टिंबांच्या रांगाच रांगा. काही मोठी, काही फुगलेली, एकदोन ओळीबाहेर पळालेली. चौथीतल्या मुलीच्या हातची.

"काही घडलं नाही म्हणतेस ना?" अण्णा म्हणाले. "ही टिंबं तूच काढलीस. विहारीचं एकेक टिंब पडत होतं आणि मी मनात म्हणत होतो, याला पळता येत नाही, तरी हा उभा आहे. दुसऱ्या दिवशी मी डाव्या हातात पेन्सिल धरली. जिंकण्याची ताकद नसते, तेव्हासुद्धा माणसाला करण्यासारखं काहीतरी उरतं, हे सांगणारा खेळ मला आवडतो. घड्याळाचं मी उगीच बोललो."

घरात कोणी काही बोलले नाही. कन्येने पानावरून बोट फिरवले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी तीन मिनिटं पन्नास सेकंद पळाले होते. ते कोणी लिहून ठेवलंय?"

आता मला माझा गुन्हा कबूल केलाच पाहिजे. यंदाच्या ४ ऑगस्टला, सोमवारी, ठाण्यात तिचा सराव सामना होता. चारची वेळ. माझे कॉलेज ठाण्यातच. येतो म्हणून मी शब्द दिला होता. पण त्याच दिवशी ओव्हलवर इंग्लंडला जिंकायला ३५ धावा हव्या होत्या आणि आपल्याला चार गडी. खेळ आपल्या साडेतीनला सुरू झाला. मी कॉलेजातून निघालो आणि गोखले रोडवर टीव्हीच्या दुकानासमोर घोळक्यात थांबलो. एकच षटक बघू, म्हटले. मग आणखी एक. शेवटी वोक्स निखळलेला खांदा झोळीत बांधून एका हाताने खेळायला आला, तेव्हा तिथून हलणे म्हणजे पातक वाटले! सिराजने शेवटची दांडी उडवली, आपण ६ धावांनी जिंकलो, अनोळखी माणसांना मी मिठ्या मारल्या. मैदानावरच्या त्या हॉलवर पोचलो, तेव्हा मॅट गुंडाळत होते. कन्या बुटांच्या नाड्या सोडत होती. "झाली मॅच," एवढेच ती म्हणाली, आणि डोंबिवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

झोळीतल्या हाताने उभ्या राहिलेल्या परक्या माणसासाठी माझे डोळे भरून आले होते. आणि तिथून दहा मिनिटांवर माझी मुलगी एकटी उभी होती.

एकटीच म्हणायचे. खो-खोत आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून ओळीत बसलेले, नववा पाठलागावर. संरक्षक येतात तीन-तीनच्या तुकडीने. बरोबरच्या दोघी बाद झाल्या की उरलेली एकटीच त्या ओळीतून नागमोडी पळत राहते. तिला गुण घ्यायचे नसतात, कोणाला बाद करायचे नसते. फक्त बाद व्हायचे नसते. वर्तमानपत्रांत खो-खोच्या बातम्या आम्ही चाळून सोडून देतो, पण नीट पाहा. खेळाडूच्या नावापुढे मिनिटे आणि सेकंद छापलेले असतात. इथे घड्याळ हा जादा गडी नाही, घड्याळ हाच धावफलक आहे! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. मराठीचा प्राध्यापक असून या मराठी मातीतल्या खेळाचे साधे नियमही मी या गणपतीत, मुलीकडून शिकलो.

न्यायाधीशांनी निकाल दिला तो असा : आरोपी क्रमांक एक याने पुढच्या प्रत्येक सामन्याला हजर राहावे आणि फोन घरी ठेवून जावे. आरोपी क्रमांक दोन यांची निर्दोष मुक्तता. त्यांना एक मोदक जास्त.

अण्णांनी मात्र शिक्षा स्वतःहून मागून घेतली. त्यांनी वहीचे कोरे पान काढले, डाव्या हाताने वाकड्या रेघा आखल्या आणि कन्येला विचारले, "तुझ्या खेळात लिहायचं कसं?" तिने नावांचा रकाना दाखवला, वेळेचा दाखवला. अण्णांनी पहिल्या ओळीत तिचे नाव लिहिले. पुढे ३ मि. ५० से. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "बाद की नाबाद?"

"नाबाद," ती म्हणाली. "पाळी संपली तेव्हा मी मैदानातच होते."

हे मला आजवर ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आम्ही पहाटेच्या फडके रोडच्या तयारीत असू. दिवाळीनंतर तिचा पुढचा सामना आहे. वही मी बरोबर नेणार आहे आणि पेन्सिलीला टोकही करून ठेवले आहे.